बाहेरून लावलेली कडी

वर्ना लाम्पीनं सप्टेंबरच्या शेवटी आठ तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या, तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं की हा शुद्ध वेडेपणा आहे. आमच्याकडे, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, लोक कोंबड्या वसंतात आणतात. उन्हाळाभर त्या किडे खातात, अंगावर पिसं धरतात आणि मग थंडीला सामोऱ्या जातात. सप्टेंबरात आणलेल्या पाखरांना खुराड्याची सवय होईस्तोवर बर्फ पडायला लागतो.

"तुला काय जातंय?" वर्ना म्हणाली. "बाबा दिवसभर खिडकीशी बसतात आणि दलदलीकडे बघत राहतात. त्यांच्या हाताला काहीतरी चाळा पाहिजे."

"मग मांजर आण."

"मांजर आणलं तर म्हणशील कुत्रा का नाही आणलास. फळी धर नीट, वाकडी जातेय."

मी रुडी. आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. वर्ना आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तिनं त्याच शाळेची बस अठ्ठावीस वर्षं चालवली, आणि निवृत्त झाल्यावर बापाच्या घरी राहायला आली, कारण ताउनोकाकांना विसर पडायला लागला होता. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. आदल्या हिवाळ्यात चुलीत लाकडाऐवजी बूट घालून बसले होते.

खुराड्याची जागा वर्नानं निवडली. घरामागे चाळीसेक पावलांवर, जिथे अंगण संपून दलदलीची झाडं सुरू होतात, तिथे चार मोठे सपाट दगड जमिनीत रुतलेले होते. उत्तरेचा वारा तिथे लागत नसे. आयता पाया मिळाला म्हणून ती खूश होती. आम्ही चौकट उभी करत होतो तेव्हा ताउनोकाका बाहेर आले आणि एकदम म्हणाले, "हवेचं भोक खाली नको. वर, छपराच्या खाली ठेवा. थंडीनं कोंबडी मरत नाही, ओलीनं मरते."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

"आणि बसायला गोल दांडी नको. रुंद फळी घाला. पाय पोटाखाली झाकता आले पाहिजेत, नाहीतर बोटं गोठून गळतात." त्यांनी एक तलंग काखेत धरली, अंगठ्यानं तिचा तुरा चाचपला. "तुरा आखूड आहे. टिकेल ही."

या माणसानं आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती. लाम्पींच्या घरात अंडीसुद्धा दुकानातून यायची, आणि काका ती खायचे नाहीत. वर्नानं मला खुणेनंच विचारलं, यांना हे कुठून ठाऊक? मी खांदे उडवले. पण मनातून मलाही बरं वाटलं. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढी सरळ वाक्यं निघाली नव्हती.

नोव्हेंबरात बर्फ आला आणि टिकला. कोंबड्या पहिल्या दिवशी दारातून बर्फ बघून मागे फिरल्या, म्हणून वर्नानं अंगणात पेंढ्याची वाट टाकली. त्या वाटेवरून सगळ्या चालायच्या, पेंढ्याबाहेर एक पाय टाकायच्या नाहीत. सकाळ-दुपार कोमट पाणी न्यायचं, गोठलेलं भांडं परत आणायचं, तुऱ्यांना व्हॅसलीन चोपडायचं, संध्याकाळी मूठभर मका, म्हणजे पोटात ऊब राहते. हे सगळं काका न विसरता करायचे. मका टाकताना हाक मारायचे, "टिपु, टिपु, टिपु," आणि शेवटच्या टिपूला आवाज खाली सोडून एक बारीक शीळ घालायचे.

साडेचारला अंधार पडायला लागतो. त्याआधी कोंबड्या आपल्या आपण आत जाऊन फळीवर बसतात. मग दार ओढून बाहेरून कडी लावायची एवढंच काम उरतं. ते वर्नाचं होतं, कारण अंधारात बापानं बाहेर पडू नये असं तिला वाटे. पण ती जायची तेव्हा कडी आधीच लावलेली असायची. तिला वाटलं, बाबाच लावतात. दोन-तीनदा तिनं विचारलंही. काका म्हणाले, "लावली ना? मग झालं तर."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती काकांना डॉक्टरकडे घेऊन गेली. चाळीस मैलांचा रस्ता, तिकडे वेळ झाला. परत यायला सात वाजले. कोंबड्या उघड्या राहिल्या, आता कोल्ह्यानं फडशा पाडला असेल, असं म्हणत ती विजेरी घेऊन धावली. कडी लावलेली होती. आत आठही कोंबड्या फळीवर, माना पंखांत घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालपेटीशी तिनं माझा ट्रक थांबवला. "काल दार लावलंस, उपकार झाले रे."

"मी कुठे लावलं? काल मी तळ्यापलीकडे होतो."

"चेष्टा करू नकोस, रुडी."

"आईशप्पथ."

आम्ही दोघं मागे गेलो. आदल्या दिवशी दुपारी बर्फ भुरभुरला होता आणि नंतर थांबला होता. त्यावर वर्नाच्या रात्रीच्या पावलांची एकच रांग होती, घरापासून खुराड्यापर्यंत आणि परत. दुसरं काही नव्हतं. मी खुराड्याभोवती फिरलो, झाडांपर्यंत गेलो. सशाचा मागसुद्धा नव्हता. "वाऱ्यानं ढकललं असेल दार," मी म्हणालो. "आणि कडी?" ती म्हणाली.

त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. तिनं मला सांगितलं की अंधारायच्या जरा आधी सगळ्या कोंबड्या चरायच्या थांबतात, माना उंच करतात आणि दलदलीकडे एकाच जागी बघतात. बराच वेळ. मग एकामागून एक, कुणी हाकल्यासारख्या, आत जातात. त्या वेळी काका खिडकीत बसलेले असत आणि त्यांचे ओठ हलत असत.

एका संध्याकाळी तिनं ठरवलं, बाहेरून बघून काही कळत नाही, तर आत बसायचं. चार वाजता ती खुराड्यात शिरली आणि पेंढ्यावर बसून राहिली. पुढचं तिनं मला दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं.

कोंबड्या आत आल्या, एकमेकींना ढकलत फळीवर चढल्या, गप्प झाल्या. बाहेरचा उजेड निळसर होत गेला. कडक थंडीत बर्फावर पाय पडला की करकर वाजतं, तसं वाजायला लागलं. आवाज दलदलीकडून येत होता. घराकडून नाही. पावलं जवळजवळ पडत होती, बाईमाणसाची, घाई नसलेली. दारातून अंगण दिसत होतं आणि अंगणात कोणी नव्हतं, तरी पावलं दारापाशी आली. दार हळूच लोटलं गेलं. कडी पडली.

"मग म्हटलं, आता जाईल," वर्ना म्हणाली. "पण गेली नाही. खुराड्याभोवती फिरली. प्रत्येक फळीवर हात थोपटत. कुठे फट राहिलीय का बघतात ना, तसं. मी जिथे टेकले होते तिथे आली आणि माझ्या पाठीमागच्या फळीवर हात थांबला. रुडी, मला तो पाठीला जाणवत होता."

"तू काय केलंस?"

"मी श्वास धरून बसले. कोंबड्या काही घाबरल्या नाहीत. एकीनं तर झोपेत पाय बदलला."

पावलं गेल्यावर तिनं ओरडायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं काका कंदील घेऊन आले, कडी काढली आणि तिला बघून हसले. "आत काय करतेस तू?"

"बाबा, दार कुणी लावलं?"

"आईनं. दुसरं कोण लावणार?" मग जरा विचार करून म्हणाले, "आज तिचा हिशोब चुकला असेल. आठ असायला हव्यात, नऊ निघाल्या."

काकांची आई सेल्मा बेचाळीस साली वादळात गेली, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्नालाही. गाईला बघायला बाहेर पडली आणि वाट चुकली, असं सांगायचे. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर दलदलीच्या कडेला सापडली. पण त्या रात्री वर्नानं बापाला पलंगावर बसवून नीट विचारलं, तेव्हा निघालं ते वेगळंच होतं.

"गाय नव्हती," काका म्हणाले. "कोंबड्या होत्या. संध्याकाळचं दार लावायचं काम माझं होतं. वारा सुटला होता, मी चुलीजवळ बसलो होतो. आईनं विचारलं, दार लावलंस का? मी म्हटलं, लावलं."

"आणि लावलं नव्हतं."

"थोड्या वेळानं म्हटलं, नाही लावलं. ती उठली, शाल घेतली. म्हणाली, तू बस, मी आलेच."

काका तेव्हा सात वर्षांचे होते. शहात्तर वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. खुराडं त्यांच्या बापानं त्याच उन्हाळ्यात मोडून जाळलं होतं, उरले ते चार दगड. वर्नाला तेव्हा कळलं की आपण कशावर बांधलं.

"बाबा, आपण ह्या कोंबड्या देऊन टाकू," ती म्हणाली. "रुडीचा भाऊ घेईल."

काका रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं लहान मुलाला काही समजत नसतं तेव्हा बघतात. "मग ती कुठे येणार?" ते म्हणाले.

कोंबड्या राहिल्या. पण वर्ना संध्याकाळी मागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागली, आणि काकांच्या खोलीच्या दाराला घुंगरू बांधलं, हललं की वाजेल असं.

जानेवारीच्या मध्यावर तीन दिवसांचं वादळ आलं. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता पारा उणे एकतीसवर होता आणि वारा असा की स्वतःचा हात दिसत नव्हता. कोंबड्या सकाळपासून आतच कोंडलेल्या होत्या. वर्ना पुढच्या ओसरीवरून लाकडं आणायला गेली. दोन खेपा केल्या, पाच मिनिटं लागली असतील. आत आली तर मागचं दार उघडं, जमिनीवर बर्फ येत होता आणि काका नव्हते. त्यांचा कोट खुंटीला होता. बूट जागेवर होते. घुंगरू खोलीच्या दाराच्या मुठीवर तसंच लटकत होतं, आणि तिनं शपथेवर सांगितलं की ते वाजलं नव्हतं.

तिनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक कठड्याला, आणि बाहेर पडली. चाळीस पावलांची रोजची वाट. पेंढा बर्फाखाली गेलेला. ती हाका मारत होती आणि हाक तोंडातून निघताच वारा घेऊन जात होता. दोर संपला, हाताला खुराडं लागेना. तिनं दोराच्या टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे फिरून पाहिलं, गुडघ्यांवर रांगून पाहिलं. काही नाही. बोटं बधिर झाली तेव्हा दोर धरून परत आली आणि मला फोन केला. शेरीफच्या माणसांशी ती आधीच बोलली होती. रस्ता उघडल्याशिवाय गाडी निघणार नाही असं ते म्हणाले.

रस्ता उघडायचं काम माझंच. नऊ मैलांना मला तीन तास लागले. ट्रकच्या तोंडाचा लोखंडी पाटा पुढे ढकलायचा, मागे बर्फ परत भरायचा. मी पोचलो तेव्हा वर्ना ओसरीवर उभी होती, भुवया पांढऱ्या. रडत नव्हती. "गेले ते," म्हणाली. "तीन तास उलटून गेले, अंगात शर्ट आहे नुसता."

आम्ही ट्रकमधला लांब दोर जोडला आणि दोघं निघालो. यावेळी खुराडं लगेच सापडलं. माझं कपाळच आपटलं त्याच्यावर. दाराची कडी लावलेली होती, बाहेरून. वर्ना म्हणाली, "सकाळी मीच लावलेली. इथे नाहीत ते." आणि झाडांकडे वळली.

मी का कोण जाणे, कडी काढली. लहान कडी, जाड हातमोज्यात सापडत नव्हती, म्हणून उजवा मोजा काढला. इथे ज्यानं आयुष्य काढलंय त्याला माहीत असतं की अशा थंडीत उघड्या हातानं लोखंडाला हात लावायचा नाही. कातडी चिकटते आणि सोलून निघते. घाईत माझ्या लक्षात आलं नाही. पण बोटं चिकटली नाहीत. कडी कोमट होती. नुकतीच कुणी मुठीतून सोडल्यासारखी.

आत काका पेंढ्यावर बसले होते, पाठ भिंतीला लावून. दोन कोंबड्या मांडीवर, एक काखेत, एक गळ्याशी, बाकीच्या पायांवर आणि पोटऱ्यांवर अंग फुलवून बसलेल्या. रात्रीच्या वेळी कोंबडी फळी सोडून खाली बसत नाही, मेली तरी नाही. माझ्या विजेरीच्या उजेडात आठही जणींनी डोळे मिचकावले, पण त्या हलल्या नाहीत. मी वर्नाला ओरडून हाक मारली, तशी ती मागे फिरून आत आली.

"हळू बोला," काका म्हणाले. "आत्ताच निवल्यात त्या."

वर्नानं त्यांचे पाय हातात घेतले. मोजे भिजून गोठले होते, आतले पाय मात्र, डाव्याची दोन बोटं सोडली तर, गरम होते. "बाबा, तुम्ही इथे कसे आलात?"

"तिनं हाक मारली. मी गेलो. ती म्हणाली, तू आत बस, बाहेर फार वारा आहे. दार मी लावते."

"मग ती कुठे आहे?" हे मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

काकांनी माझ्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर नुसतं पांढरं होतं. "आता जाईल ती," ते म्हणाले. "वाट चुकल्यापासून तिला वाटत होतं मी अजून बाहेर आहे."

आम्ही त्यांना ट्रकमध्ये घातलं. रुग्णालयात डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, बाकी काही नाही. तरुण डॉक्टरनं तीन-तीनदा विचारलं की नक्की किती वेळ बाहेर होते. शेवटी त्यानं कागदावर काहीतरी कमी आकडा लिहिला.

त्या दिवसापासून खुराड्याचं दार वर्नाआधी कुणी लावलं नाही. वर्ना जायची तेव्हा ते उघडं असायचं, आणि कोंबड्या फळीवर. अंधारायच्या वेळी त्यांनी माना उंच करणं सोडलं. काका बरे होऊन आले, पण ते सरळ बोलणं संपलं होतं. हाकही विसरले. खिडकीतून बोट दाखवून विचारायचे, "कुणाच्या ह्या कोंबड्या?" वर्ना म्हणायची, "आपल्याच, बाबा." ते म्हणायचे, "छान आहेत." त्यांना कशाची काळजी उरली नव्हती, झोप तर लहान बाळासारखी लागायची. ऑगस्टमध्ये एका दुपारी खुर्चीतच गेले.

वर्नाकडे अजून कोंबड्या आहेत, आता अकरा. मागच्या फेब्रुवारीत तिला ताप भरला आणि ती दुपारीच झोपली ती थेट उजाडताना उठली. मी त्या सकाळी रस्ता काढत होतो. ती नुसत्या झग्यावर कोट घालून फाटकाशी आली, हातात पिसं.

"तीन नेल्या कोल्ह्यानं," म्हणाली.

मी खाली उतरलो. कोंबड्या जातातच, पुढच्या वर्षी दोन-चार जास्त आण, असं काहीतरी मी बोलत होतो. ती ऐकत नव्हती. तिचा चेहरा कोंबड्यांसाठी रडणाऱ्या बाईचा नव्हता.

"दार रात्रभर उघडं होतं, रुडी," ती म्हणाली. "सताड उघडं. मी विसरले आणि ते तसंच उघडं राहिलं. बाबाही आले नाहीत लावायला."

मी तिला आत नेलं, चुलीत लाकडं घातली आणि कॉफी ठेवली. मग मागे जाऊन उरलेल्यांना पाणी दिलं.